दोनशे पौंडांची चाळणी

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार. गौरी यायचा दिवस. उत्तर-पश्चिम लंडनमधल्या एका जुन्या जोडघरात काकू दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढत होत्या. गुडघे धरलेले, त्यामुळे दर दोन पावलांनी भिंतीचा आधार. स्वयंपाकघरात टीव्ही चालू होता. ब्रिटिश संसदेत मतदान झालं, निकाल वाचून दाखवला गेला: ३४८ विरुद्ध २२८. वृद्धांना हिवाळ्यात मिळणारी हीटिंगची मदत बहुतेकांपुरती बंद करण्याचा सरकारचा निर्णय रद्द करा, असा विरोधकांचा ठराव होता. तो पडला.

"म्हणजे आपले हीटिंगचे पैसे गेले का गं?" काकूंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पुढचं पाऊल काढलं आणि म्हणाल्या, "बरं. गौरी जेवून गेली की बघू."

या काकू म्हणजे कुणी एक बाई नव्हे. ओळखीतल्या तिघी-चौघींच्या गोष्टींचे धागे मी त्यांच्यात गुंफले आहेत, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. पौंड-पेन्सचे सरकारी दर मात्र त्या त्या वर्षाचेच आहेत, कारण हे सगळं प्रकरण शेवटी त्या पौंड-पेन्सचंच आहे.

हीटिंगचे पैसे म्हणजे काय

'विंटर फ्युएल पेमेंट' १९९७ साली सुरू झालं. टोनी ब्लेअर यांचं सरकार नवं होतं आणि गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री होते. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक वृद्धांच्या घरांना २० पौंड मिळाले, अगदी गरिबांना ५०. मग रक्कम भराभर वाढली. २००० साली ती २०० वर गेली, आणि २००३ पासून घरात ८० पार केलेलं कुणी असेल तर ३००. पुढे मंदीत आणि नंतर २०२२ च्या महागाईत तात्पुरती भर पडली, पण मूळ आकडा तिथेच थिजला. दोन दशकांत गॅस कुठल्या कुठे गेला, दोनशे मात्र दोनशेच राहिले.

योजनेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे काहीच करावं लागत नसे. पेन्शनचं वय झालं आणि पेन्शन सुरू असली, की नोव्हेंबर-डिसेंबरात पैसे आपोआप खात्यात. मिळकत किती, घर केवढं, कुणी विचारायचं नाही. गॅसच्या बिलाची पावतीही कुणी मागत नसे. त्या पैशांतून नातवाला सायकल घेतली तरी सरकारची हरकत नव्हती.

गंमत अशी, की लोक सायकल घेत नसत. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. तेवढीच रक्कम नुसती रोख म्हणून हातात पडली असती, तर तिच्यातले जेमतेम ३ टक्के इंधनावर गेले असते. 'विंटर फ्युएल' या नावाने आली म्हणून जवळजवळ निम्मी इंधनावर गेली. कायद्याने कसलंही बंधन नव्हतं, ते काम नुसत्या नावानेच केलं.

मला हे अभ्यास वाचायच्या आधीच माहीत होतं, कारण काकूंचा डबा मी पाहिला होता. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, वर चिकटपट्टीवर बॉलपेनने 'हीटिंग' लिहिलेलं. पैसे जमा झाले की त्या पोस्टातून रोख काढून आणत आणि डब्यात ठेवत. डबा भरला म्हणजे बॉयलर लावायला मोकळीक. त्याच्या आधी ऑक्टोबरात कितीही गारठा पडो, अंगावर स्वेटर, वर शाल, पायावर आईच्या हातची गोधडी आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी.

निर्णय

मजूर पक्ष १४ वर्षांनी ४ जुलै २०२४ ला निवडून आला. २९ जुलैला नव्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज संसदेत उभ्या राहिल्या आणि आधीच्या हुजूर सरकारने तिजोरीत २,२०० कोटी पौंडांचं भगदाड ठेवलंय असं त्यांनी सांगितलं. ते बुजवण्याच्या उपायांत एक हा होता: येत्या हिवाळ्यापासून विंटर फ्युएल पेमेंट फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तशाच काही मिळकत पाहून दिल्या जाणाऱ्या मदतीवर असणाऱ्यांना. एक कोटीच्या वर लोकांना मिळणारी रक्कम आता साधारण १५ लाखांना मिळणार होती. बचत पहिल्या वर्षी अंदाजे १४० कोटी पौंड.

निवडणूक प्रचारात याचा उच्चार नव्हता. पक्षाच्या जाहीरनाम्यातही नव्हता. आणि २०१७ मध्ये तेव्हाच्या हुजूर पंतप्रधान थेरेसा मे यांनी नेमकं हेच करायचं म्हटलं होतं, तेव्हा याच मजूर पक्षाने 'यामुळे जवळपास चार हजार माणसं दगावू शकतात' असा हिशेब मांडून रान उठवलं होतं. तो कागद आता विरोधकांनी नेमका बाहेर काढला.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. श्रीमंत पेन्शनरांचे दोनशे पौंड बंद करण्यात मला काही पाप दिसत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शनला 'ट्रिपल लॉक' आहे, म्हणजे महागाई, सरासरी पगारवाढ आणि अडीच टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी ती दरवर्षी वाढते. एप्रिल २०२४ मध्ये ती ८.५ टक्क्यांनी वाढली होती. दोन लेकरं आणि भाड्याचं घर असलेल्या तरुण जोडप्याला असलं कुलूप कुणी दिलेलं नाही. स्पेनमध्ये हिवाळा घालवायला दुसरं घर असलेल्या निवृत्त माणसाला गॅससाठी दोनशे पौंड का द्यायचे, हा प्रश्न रास्तच आहे. मी लंडनला आले तेव्हापासून असे काही सद्गृहस्थ पाहते आहे, जे ही रक्कम दरवर्षी 'वाइनचे पैसे' म्हणून हसत सांगतात.

माझी तक्रार गाळण्याबद्दल नाही, चाळणीबद्दल आहे.

३ पौंड ५ पेन्स

पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी मिळकतीच्या वृद्धांना आठवड्याच्या ठरावीक हद्दीपर्यंत आणून सोडणारी भर. २०२४-२५ साली एकट्या माणसासाठी ही हद्द होती २१८.१५ पौंड. त्याच वर्षी पूर्ण नवी सरकारी पेन्शन होती २२१.२०. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. घर स्वतःचं, दुसरी पैची मिळकत नाही, निव्वळ सरकारी पेन्शनवर दिवस काढतोय, असा माणूस साधारणपणे ३ पौंड ५ पेन्सनी हद्दीच्या बाहेर. सरकारच्या भाषेत त्याला मदतीची गरज नव्हती.

आणि हद्दीच्या आत-बाहेर असणं म्हणजे नुसते दोनशे पौंड नव्हेत. पेन्शन क्रेडिट ही किल्ली आहे, तिच्याने बाकीची कुलपं उघडतात. कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरपट्टीत सवलत, दातांचे उपचार मोफत, ७५ वर्षांवरच्यांना टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही बघायचा वर्षाचा परवाना फुकट. आठवड्याला एक पौंड पेन्शन क्रेडिट मिळणारा माणूस वर्षाअखेर त्याच्याहून सहा पौंडांनी 'श्रीमंत' असणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा शेकडो पौंडांनी पुढे असतो. विंटर फ्युएल पेमेंट या दोरीला बांधल्यावर ही दरी आणखी रुंद झाली.

काकूंचंच घ्या. जन्म १९४५ चा. १९७२ साली लग्न होऊन दादरहून इथे आल्या. काका एका कारखान्यात, काकू पुढे एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, पाव भाजणाऱ्या पट्ट्यावर. तेव्हा लग्न झालेल्या बायकांना नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विमा-वर्गणीचा 'छोटा स्टॅम्प' भरायची मुभा होती: पगारातून कमी कापलं जायचं, पण स्वतःची पेन्शन साचायची नाही. फोरमनने फॉर्म पुढे केला, काकूंनी सही केली. आठवड्याला हातात चार पैसे जास्त येत होते, मुलं लहान होती. १९७७ पासून नव्याने असा स्टॅम्प घेणं बंद झालं, पण आधी घेतलेल्यांचा चालू राहू शकत होता, आणि काकूंचा राहिला.

काका गेल्यावर त्यांच्या नोंदीवर काकूंना जुनी मूळ पेन्शन पूर्ण मिळू लागली: २०२४-२५ मध्ये आठवड्याला १६९.५० पौंड. योगायोग असा, की त्या वर्षी टीव्ही लायसन्सही बरोबर १६९.५० पौंडांचंच होतं. काकू म्हणायच्या, "एक आठवडा मी टीव्हीसाठी जगते." त्यावर काकांच्या वाढीव पेन्शनमधला वाटा ३१ पौंड आणि कारखान्याकडून विधवा म्हणून ६४. एकूण २६४.५०. हद्दीच्या वर ४६ पौंड ३५ पेन्स.

म्हणजे बाद.

दोनशे पौंडांत किती ऊब येते, याचाही हिशेब करू. २३ ऑगस्टला वीज-गॅसचा नियामक 'ऑफजेम'ने ऑक्टोबरपासूनची दरमर्यादा १० टक्क्यांनी वाढवून जाहीर केली, सर्वसाधारण घरासाठी वर्षाला १,७१७ पौंड. मदत काढल्याला महिनाही झाला नव्हता. त्या तिमाहीत गॅसचा दर युनिटला सव्वासहा पेन्सच्या आसपास होता. दोनशे पौंडांत सुमारे ३,२०० युनिट. सर्वसाधारण घराला वर्षभरात ११,५०० युनिट लागतात असं ऑफजेम तेव्हा धरत असे. म्हणजे वर्षाच्या गॅसच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. शिवाय काडी ओढली नाही तरी गॅस आणि विजेचा मिळून रोजचा ९० पेन्सच्या वर स्थिर आकार होताच, तो गोधडी पांघरून वाचत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते घरात किमान १८ अंश असावेत. काकूंचा थर्मोस्टॅट त्या हिवाळ्यात १६ वर होता आणि तोही फक्त बसायच्या खोलीचा रेडिएटर उघडा ठेवून. वरच्या बेडरूमच्या कपाटामागे काळी बुरशी धरली. ओट्यावर स्मार्ट मीटरचा छोटा पडदा असतो, त्यावर दिवसाचा खर्च पौंडांत दिसतो. काकूंनी त्याला उलटं करून ठेवलं होतं. "सारखं बघितलं की धडधडतं," म्हणाल्या.

२४३ प्रश्न

सरकारचं उत्तर तयार होतं: हद्दीच्या खाली असाल तर पेन्शन क्रेडिटचा अर्ज करा. मंत्री टीव्हीवर येऊन सांगत होते, जाहिराती लागल्या होत्या. आणि इथेच खरी गोम होती. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक ते घेतच नव्हते, तब्बल ८ लाख ८० हजार घरं. हद्दीच्या खाली असून मागत नाहीत अशी ही माणसं. आतापर्यंत निदान विंटर फ्युएल पेमेंट त्यांच्याकडे न मागता येत होतं. आता सगळ्यात गरिबांतल्या सगळ्यात बुजऱ्या माणसांच्या हातून तेही सुटलं.

का मागत नाहीत? त्या काळात वर्तमानपत्रांतून एक आकडा फार गाजला: अर्जात सगळे मिळून २४३ प्रश्न. प्रत्येकाला सगळेच लागू होत नाहीत, बरेच गाळून पुढे जाता येतं, हे खरं. पण ७९ वर्षांच्या, चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या बाईला ते कसं कळावं?

मी काकूंबरोबर दोन संध्याकाळ त्या अर्जाला बसले. हिशेबाने त्या बसत नव्हत्या तरी, म्हटलं, बघू तर काय काय विचारतात. बचतीच्या रकान्यापाशी गाडी अडली. दादरच्या बँकेत काकांच्या वेळची सहा लाखांची एफडी आहे, ती सांगायची का?

"इथल्या सरकारला तिथलं काय करायचंय?"

"सांगायची, काकू. जगात कुठेही असली तरी सांगावी लागते."

नियम खरं तर कडक नाही. बचतीचे पहिले १० हजार पौंड धरतच नाहीत आणि त्यावरच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड मिळकत समजतात. काकूंचे इकडचे-तिकडचे मिळून १० हजारही होत नव्हते. पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या आपल्या लोकांत एक भीती अशी पसरलेली असते, की तिकडचा पैसा सांगितला की इकडची पेन्शन जाते. न सांगता अर्ज करणं हा गुन्हा, म्हणून अर्जच करायचा नाही, असा सरळ मार्ग कित्येकजण काढतात. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, डॉलिस हिलला, दिवाळीच्या फराळावेळी हा विषय काढून बघा. बशी खाली ठेवून माणसं दुसरीकडे बघायला लागतात.

मग मालमत्तेचा प्रश्न. साताऱ्याकडच्या घराचं काय? सातबाऱ्यावर नाव आहे का? नाही, १९९० च्या सुमारास भावाला हक्कसोडपत्र करून दिलं होतं. 'हक्कसोडपत्र' हे फोनवरच्या इंग्रज मुलाला समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली. घर होतं, मग दिलं, पैसे घेतले नाहीत, का घेतले नाहीत? भाऊ आहे म्हणून. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

कथेला खरं वळण मिळालं ते मात्र सल्ला केंद्रातल्या एका स्वयंसेविकेमुळे. तिने अर्ज बाजूला सारला आणि विचारलं, आंघोळ तुमची तुम्ही करता का? काकू मुकाट. मग म्हणाल्या, बाथटबमध्ये पाय टाकायला शेजारीण येते, दीड वर्ष झालं. पायमोजेही तीच घालते.

ब्रिटनमध्ये 'अटेंडन्स अलाउन्स' नावाची मदत आहे. पेन्शनच्या वयाच्या माणसाला आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांत मदत लागत असेल तर ती मिळते, मिळकत कितीही असो. २०२४-२५ मध्ये कमी दर आठवड्याला ७२.६५ पौंड. आणि ती मिळणारा माणूस एकटा राहत असला, त्याची काळजी घेण्यासाठी दुसरं कुणी सरकारी भत्ता घेत नसलं, तर पेन्शन क्रेडिटची हद्दच त्याच्यापुरती ८१.५० पौंडांनी वर सरकते. काकूंची हद्द २१८.१५ ची २९९.६५ झाली असती. त्यांची मिळकत २६४.५०. फरक ३५.१५.

"मी काय अपंग आहे का?" काकू भडकल्या. "लोक काय म्हणतील?"

लोकांना कळणार नाही हे पटवायला आठवडा गेला. अर्ज नोव्हेंबरात गेला, जानेवारीअखेर मंजुरीचं पत्र आलं, आणि पाठोपाठ पेन्शन क्रेडिटचं. दोन्ही मिळून वर्षाला साडेपाच हजार पौंडांच्या वर. वर टीव्ही लायसन्स फुकट. एकदा वाटलं चूक झाली असेल, म्हणून मी तीनदा बेरीज केली.

दोनशे पौंड वाचवायला निघालेल्या सरकारला काकू वर्षाला साडेपाच हजारांना पडल्या. त्यांचा हक्कच होता तो, कित्येक महिने आधीपासूनचा. पण त्या हिवाळ्याचे दोनशे पौंड त्यांना मिळाले नाहीत ते नाहीतच. त्यासाठी १६ ते २२ सप्टेंबर या आठवड्यात पेन्शन क्रेडिटला पात्र असायला हवं होतं. पेन्शन क्रेडिट तीन महिने मागून मिळू शकतं, अटेंडन्स अलाउन्स मात्र मागल्या तारखेने मिळत नाही, अर्जाच्या दिवसापासूनच. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात काकू कागदोपत्री धडधाकट होत्या.

हाच हिशेब देशपातळीवर करून बघा. पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याला वर्षाला सरासरी ३,९०० पौंड मिळतात असं सरकारच जाहिरातीत सांगत होतं. हक्क असून न घेणाऱ्या ८ लाख ८० हजार घरांपैकी चार लाखांनी जरी अर्ज केला असता, तर खर्च दीडशे कोटी पौंडांच्या पुढे. सगळी बचत स्वाहा. म्हणजे योजना हिशेबात तेव्हाच बसत होती, जेव्हा सरकार ज्यांना 'अर्ज करा' म्हणत होतं त्यांतले बहुतेक करणार नाहीत असं धरलं जाई. मुद्दाम कुणी तसा कट केला असं मी म्हणत नाही. पण आकडे तसंच बोलतात. घोषणेनंतरच्या १६ आठवड्यांत अर्ज दीडशे टक्क्यांच्या आसपास वाढून दीड लाखावर गेले, आणि ते सगळे काही मंजूर झाले नाहीत.

मग हीच चाळणी का निवडली? माझा अंदाज साधा आहे. जुलैअखेर घोषणा, सप्टेंबरात पात्रतेचा आठवडा. पेन्शन खात्याच्या हाताशी गरजूंची तयार यादी एवढी एकच होती. माणसाची एकूण मिळकत प्राप्तिकर खात्याला ठाऊक असते, पेन्शन खात्याला नाही. मनीसेव्हिंगएक्स्पर्ट या संकेतस्थळाचे मार्टिन लुईस यांनी सुचवलं होतं, की निदान कौन्सिल टॅक्सच्या खालच्या चार गटांतल्या घरांना तरी द्या. ती चाळणीही ओबडधोबडच असती. माझ्या काकूंसारख्या, लंडनमधल्या घराची किंमत चढली पण हातात पैसा नाही, अशा कित्येकजणी तिच्यातूनही गळल्या असत्या. तरी तिला अर्ज लागला नसता.

दहा महिने

बाकीचं राजकारण थोडक्यात. मजूर पक्षाचे जॉन ट्रिकेट हे एकटे खासदार सरकारविरुद्ध गेले, पन्नासहून अधिक जण मतदानाला नव्हतेच, काही परवानगीने, काही तसेच. निर्णय घेतला नसता तर पौंड कोसळला असता, असं मंत्री लूसी पॉवेल म्हणाल्या. सरकारचा वर्षाचा खर्च सव्वा लाख कोटी पौंडांच्या घरात असताना १४० कोटींनी पौंड कोसळतो, हे मला तरी पचलं नाही. त्याच महिन्यात पंतप्रधान कीर स्टार्मर यांचे कपडे आणि चष्मे लॉर्ड अली नावाच्या धनिकाने घेऊन दिल्याच्या बातम्या आल्या. आजीबाईंचा गॅस बंद आणि यांचे सूट फुकट, हे सांगायला विरोधकांना वेगळं काही करावंच लागलं नाही. सप्टेंबरअखेर पक्षाच्या स्वतःच्या अधिवेशनात कामगार संघटनांनी निर्णय मागे घ्या असा ठराव मंजूर करून घेतला. तो बंधनकारक नव्हता.

नोव्हेंबरात पेन्शन मंत्री लिझ केंडल यांनी संसदीय समितीला कळवलं, की या निर्णयाने आणखी ५० हजार वृद्ध दारिद्र्यात जातील, काही वर्षी एक लाख. हा अंदाज मतदानाच्या आधी खासदारांपुढे असता तर? उत्तर आयर्लंडने आपल्या तिजोरीतून ही मदत गमावलेल्यांना एकदाचे १०० पौंड दिले. स्कॉटलंडने आधी लंडनच्याच मागून कपात केली आणि मग पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्यांना काही ना काही द्यायचं जाहीर केलं.

१ मे २०२५ ला स्थानिक निवडणुका झाल्या. मजूर पक्षाने जागा घालवल्या, उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाने शेकड्यांनी कमावल्या. रनकॉर्न आणि हेल्सबीची पोटनिवडणूक मजूर पक्ष ६ मतांनी हरला. सहा! पराभवाची कारणं पुष्कळ होती, पण दारोदार फिरून आलेले कार्यकर्ते पहिलं नाव याच निर्णयाचं घेत होते. २१ मेला स्टार्मर यांनी संसदेत घूमजाव केलं, ९ जूनला तपशील आला.

३५,०००

नवी पद्धत अशी: पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना पैसे पुन्हा आपोआप मिळणार. ज्याची करपात्र मिळकत वर्षाला ३५ हजार पौंडांच्या वर असेल त्याच्याकडून प्राप्तिकर खातं ते नंतर करातून कापून घेणार. ज्यांना नकोच आहेत त्यांनी आधीच नको म्हणावं. इंग्लंड आणि वेल्समधल्या साधारण ९० लाख लोकांकडे पैसे राहतील, २० लाखांकडून परत जातील. खर्च १२५ कोटी पौंड, उरणारी बचत ४५ कोटींच्या आसपास.

हीही चाळणी निर्दोष नाही. ३५,००० वर पूर्ण रक्कम, ३५,००१ वर शून्य. दोघांचे ३४-३४ हजार असलेलं जोडपं दोनशे ठेवतं. एकाचे ३६ हजार आणि दुसऱ्याचे पाच हजार असतील तर निम्मी रक्कम परत. पण एक गोष्ट मुळातून बदलली. आधी माणसाला आपली गरिबी सिद्ध करून मागावं लागत होतं. आता पैसे आधी हातात पडतात आणि श्रीमंती शोधायचं काम कर खात्याचं. काकूंसारखीने काही सिद्ध करायचं नाही. जुलै २०२४ मध्ये हे जमलं नसतं का? त्याच हिवाळ्यासाठी कदाचित नसतंच. मग एक हिवाळा थांबायचं होतं.

२०२५ च्या वसंतात काकूंना ८० पूर्ण झाली, त्यामुळे या खेपेला त्यांचे ३००. नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाज घाईचा. मोबाइलवर मेसेज आलाय: तुमचं हिवाळी अनुदान थांबलेलं आहे, खालच्या लिंकवर बँकेची माहिती भरा, आज शेवटचा दिवस.

"काकू, काही दाबलं नाही ना?"

"नाही गं, चष्मा शोधत होते."

"पुसून टाका तो. चोरांचा आहे. सरकार या पैशांसाठी आता काही भरायला सांगत नाही."

पलीकडे त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी तर दोन संध्याकाळ भरत बसलो होतो."

चार दिवसांनी त्यांच्या बँकेच्या कागदावर एक ओळ उमटली, 'डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी', म्हणजे पेन्शन खात्याचं विंटर फ्युएल पेमेंट, पुढे ३००.००. त्या पोस्टात जाऊन पैसे काढून आल्या. डब्यावरची चिकटपट्टी सुटली होती, नवी लावली.